विश्लेषण : दीर्घिकेत नवे तारे जन्मायचे कोण थांबवते? होमी भाभांच्या एका होकाराची गोष्ट

जालन्याची मोसंबी हातात घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ साधारण सात-आठ सेंटिमीटर व्यासाचे. आता तिच्या शेजारी अख्खी पृथ्वी ठेवून पाहा. सूर्याच्या एक अब्ज पट वस्तुमानाचे कृष्णविवर आणि एक लाख प्रकाशवर्षे पसरलेली दीर्घिका यांच्या आकारांचे प्रमाण जवळपास एवढेच आहे. तरीही ही मोसंबी पृथ्वीचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी ठरवते. दीर्घिकेत नवे तारे जन्मत राहणार की ती हळूहळू म्हातारी होणार, याचा निकाल तिच्या मध्यभागी बसलेल्या या छोट्या वस्तूकडे असतो.

हे कळायला जगाला २०वे शतक जवळजवळ संपावे लागले. त्या शोधात भारताचा वाटा आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे केंद्र महाराष्ट्रात, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावात आहे. पण या वाटेची सुरुवात होते मुंबईत, १९६२च्या जानेवारीत, एका माणसाने परदेशातल्या तरुणांना पाठवलेल्या होकारापासून. तो माणूस म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा. अणुऊर्जेचे जनक म्हणून त्यांना शाळेतली मुलेही ओळखतात. दीर्घिकांच्या पोटातल्या कृष्णविवरांशी त्यांचा काय संबंध, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

कृष्णविवर दीर्घिकेचे नेमके काय करते?

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आभाळ भरून येणे वेगळे आणि पाऊस पडणे वेगळे. दीर्घिकांचेही तसेच आहे. तारे बनतात ते वायूपासून, पण तो वायू थंड असावा लागतो, उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास. तेव्हाच तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि त्याचे गोळे होतात. वायू तापलेला असेल तर तो नुसताच पसरून राहतो. मोठ्या दीर्घिकांभोवती आणि दीर्घिकांच्या समूहांमध्ये असा प्रचंड वायू आहे, त्याचे तापमान कोट्यवधी अंश आहे. हिशेबाने तो निवायला हवा, मध्यभागी कोसळायला हवा आणि त्यातून ताऱ्यांचा पाऊस पडायला हवा. प्रत्यक्षात अपेक्षेच्या मानाने फारच थोडे तारे बनतात. म्हणजे कोणीतरी खालून सतत आच देत आहे.

ती आच देणारे म्हणजे केंद्रातले कृष्णविवर. त्यात पडणारा वायू सरळ आत जात नाही. तो आधी तबकडीसारखा भोवती फिरतो, घर्षणाने तापतो आणि प्रचंड ऊर्जा बाहेर टाकतो. असे केंद्र जागे झाले की त्याला सक्रिय दीर्घिका केंद्रक म्हणतात. ऊर्जेचा आकडा समजून घ्यायला भाभांचाच विषय घेऊ. एक किलो युरेनियमचे पूर्ण विखंडन झाले तर सुमारे एक ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा होते. एक किलो हायड्रोजनचे सूर्यासारखे संमीलन झाले तर सात ग्रॅमची. तेच एक किलो कृष्णविवराच्या तबकडीतून आत गेले तर साधारण १०० ग्रॅमची. अणुभट्टी याच्यापुढे काडेपेटी वाटते.

ही ऊर्जा दोन प्रकारे दीर्घिकेवर परिणाम करते. कृष्णविवराला भरपूर खाद्य मिळत असेल तर तबकडी लखलखते आणि तिच्या तेजाने व वाऱ्याने आसपासचा वायू सेकंदाला शेकडो, कधी हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. या लखलखत्या अवस्थेला क्वेसार म्हणतात. खाद्य कमी झाले की दुसरा प्रकार सुरू होतो. दोन विरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत निघतात, दीर्घिकेच्या बाहेर लाखो प्रकाशवर्षे जातात आणि तापलेल्या वायूत मोठे फुगे तयार करतात. हे फुगे वर सरकताना वायू ढवळतात आणि तो थंड होऊ देत नाहीत. वायू थोडा निवला की कृष्णविवराला खाद्य मिळते, ते पुन्हा झोत सोडते, वायू पुन्हा तापतो. पाण्याच्या गिझरमधला थर्मोस्टॅट असाच काम करतो.

या झोतांमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. म्हणून हे सगळे ऐकायचे तर रेडिओ दुर्बीण हवी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दूरच्या दीर्घिकांचे रेडिओ आवाज टिपेल अशी एकही मोठी दुर्बीण भारतात नव्हती.

इंजिनीअर व्हायला पाठवलेला मुलगा

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, एका सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील जहांगीर वकील होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या आणि जेवणाच्या टेबलावर देशाच्या उद्योगांचे विषय निघत. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण झाल्यावर १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. विषय यांत्रिकी अभियांत्रिकी. मुलाने शिकून यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम पाहावे, ही वडिलांची व टाटांची इच्छा.

मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात अडकले. त्या काळात केंब्रिजमध्ये पॉल डिरॅक होते, रदरफर्ड होते, अणूच्या आत काय आहे याचे चित्र दर वर्षी बदलत होते. भाभांनी घरी कळवले की आपल्याला भौतिकशास्त्रच करायचे आहे. घरात भांडण झाले नाही, तोडगा निघाला. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग गणित शिकायला पैसे देऊ. १९३०मध्ये भाभांनी पहिला वर्ग मिळवला. १९३२मध्ये गणितातही. अभियांत्रिकीची पदवी घेऊन दुसऱ्याच क्षेत्रात गेलेल्या आजच्या मुलांना ही तडजोड ओळखीची वाटेल. फरक एवढाच की भाभांची अभियांत्रिकी वाया गेली नाही. पुढे इमारती, अणुभट्ट्या आणि दुर्बिणी उभारायला तीच कामी आली.

पीएच.डी.च्या काळातच त्यांनी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की काय होते याचे गणित मांडले. कणभौतिकीत ते आजही भाभा विकिरण या नावाने शिकवले जाते. त्यानंतर १९३७मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी केलेले काम आपल्या विषयाला थेट भिडते.

अवकाशातून अतिशय वेगवान कण पृथ्वीवर सतत आदळत असतात, त्यांना विश्वकिरण म्हणतात. वातावरणात वर एक कण शिरतो आणि खाली कणांची सर येते, हे माहीत होते. का, ते नीट उमगत नव्हते. भाभा आणि हाइटलर यांनी पायऱ्या मांडल्या. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूजवळून जाताना गॅमा किरण सोडतो. तो गॅमा किरण पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी बनवतो. ती जोडी पुन्हा गॅमा किरण सोडते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, असे करत काही किलोमीटरमध्ये लाखो कण होतात आणि मग ऊर्जा संपल्यावर सर विरते. या कामाला आज जवळपास नऊ दशके होत आली. दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रातून निघालेले गॅमा किरण जमिनीवरून टिपण्याचे तंत्र याच सरीवर उभे आहे. त्याकडे शेवटी परत येऊ.

सुट्टी लांबली आणि संस्था उभी राहिली

१९३९मध्ये भाभा सुट्टीसाठी मुंबईत आले. सप्टेंबरमध्ये युरोपात महायुद्ध पेटले आणि परतीचा रस्ता बंद झाला. ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात दाखल झाले. तिथे त्यांनी विश्वकिरणांचा छोटा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपल्यावर परत जावे की इथेच राहावे, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. केंब्रिजमध्ये जागा मिळाली असती. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राची एक दर्जेदार संस्था भारतातच हवी, उद्या अणुवीज येईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून मागवायची वेळ येऊ नये, असा त्याचा आशय. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. ट्रस्टने मान्यता दिली. १९४५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर सुरू झाली, आधी बंगळूरुत आणि मग मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. पुढे ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि १९६२च्या जानेवारीत कुलाब्याच्या समुद्रकाठच्या स्वतःच्या वास्तूचे उद्घाटन झाले.

पुढची कारकीर्द सर्वांना माहीत आहे. १९४८मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष, १९५५मध्ये जिनिव्हातल्या अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष, ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू. लग्न केले नाही. चित्रे काढली, बागा आखल्या, झाड तोडण्यापेक्षा ते मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्यावर पैसे खर्च केले. टीआयएफआरच्या भिंतींसाठी देशातल्या तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेतली. एम. एफ. हुसेन यांचे भित्तिचित्र आजही तिथे आहे.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. संशोधनाचा मोठा पैसा विद्यापीठांबाहेरच्या मोजक्या संस्थांत ओतणे मेघनाद साहांसारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाला पटले नव्हते. जिल्ह्याच्या गावात बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला चांगली प्रयोगशाळा पाहायला मुंबई-पुणे गाठावे लागते, त्याचे एक मूळ या निर्णयांत शोधता येते. भाभांची पद्धत वेगळी होती. आधी माणूस शोधायचा, मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा. रिकाम्या जागांची जाहिरात देऊन माणसे भरणे त्यांना मंजूर नव्हते. या पद्धतीत निवड करणारा चुकला तर सगळेच फसते. रेडिओ खगोलशास्त्राच्या बाबतीत तो चुकला नाही.

चार तरुण, एक प्रस्ताव

१९६१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथे आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिथे परदेशात काम करणारे चार भारतीय भेटले : गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. भारतात परत जाऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारायचा, असे त्यांनी ठरवले आणि तसा प्रस्ताव देशातल्या काही संस्थांना पाठवला. भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेनेच कळवले की गट स्थापन करण्याचा निर्णय झाला आहे. समिती नाही, अहवाल नाही, पुढच्या अर्थसंकल्पाची वाट नाही.

त्या वेळचा देश डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेकडून गव्हाची जहाजे येत होती. १९६२च्या ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध झाले. परकीय चलनाची टंचाई इतकी की प्रयोगशाळेसाठी साधे उपकरण आयात करायलाही परवानग्या लागत. अशा काळात कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांचा आवाज ऐकायला पैसा द्यायचा का, हा प्रश्न विचारणे रास्तच होते. भाभांचा हिशेब वेगळा असावा असे त्यांच्या निर्णयांवरून दिसते. दुर्बीण बांधताना अँटेना, संवेदनशील इलेक्ट्रॉनिक्स, सर्वो यंत्रणा आणि मोठी पोलादी बांधकामे इथल्याच लोकांना शिकावी लागणार होती. अणुऊर्जेलाही नेमके तेच लागणार होते.

स्वरूप १९६३च्या वसंतात भारतात परतले आणि टीआयएफआरमध्ये रुजू झाले. सुरुवात छोटी होती. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या सहा फुटी ३२ डिश कल्याणजवळ बसवून १९६५मध्ये सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. कल्याण म्हटले की लोकल आठवते, देशातल्या पहिल्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक तिथे होती हे किती जणांना ठाऊक असेल?

मोठा विचार मात्र एका परदेशी शोधातून आला. ३सी २७३ नावाचा एक रेडिओ स्रोत होता, पण तो आकाशात नेमका कुठे आहे ते कळत नव्हते. १९६२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने तो चंद्राआड जाताना पाहिला. चंद्राची कडा आकाशात कोणत्या क्षणी कुठे असते हे अचूक माहीत असते. त्यामुळे आवाज कधी बंद पडला आणि कधी पुन्हा सुरू झाला यावरून स्रोताची जागा व आकार ठरवता आला. या पद्धतीला चंद्रपिधान म्हणतात. त्या जागेवर ताऱ्यासारखा एक ठिपका होता. १९६३मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या प्रकाशावरून दाखवले की तो तारा नाहीच, दोन अब्ज प्रकाशवर्षांहूनही दूर असलेली, शेकडो दीर्घिकांएवढी तेजस्वी वस्तू आहे. हा पहिला ओळखला गेलेला क्वेसार. सक्रिय दीर्घिका केंद्रकांचे आधुनिक शास्त्र इथून सुरू झाले.

स्वरूप यांनी हे वाचले आणि वाटले, हीच पद्धत शेकडो स्रोतांसाठी का वापरू नये? त्यासाठी चंद्राचा तासन्तास पाठलाग करणारी प्रचंड दुर्बीण हवी. भारत विषुववृत्ताजवळ आहे, आणि हाच फायदा त्यांनी हेरला. निलगिरीत उटीजवळ असा डोंगरउतार निवडला की ज्याचा कल सुमारे ११ अंश आहे, म्हणजे त्या जागेच्या अक्षांशाएवढाच. त्या उतारावर दक्षिणोत्तर दुर्बीण आडवी ठेवली की तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. मग चंद्राचा पाठलाग करायला तिला एकाच दिशेने, एकाच वेगाने वळवले की झाले. महागडी यंत्रणा डोंगरानेच वाचवली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, २४ पोलादी चौकटी आणि त्यांवर ताणलेल्या हजाराहून अधिक पोलादी तारा. आजही ती काम करते. कमी पैशात मोठे काम कसे करावे याचा नमुना म्हणून प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात ती शिकवायला हरकत नाही.

भाभांनी या दुर्बिणीला मान्यता दिली. ती पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

२४ जानेवारी १९६६

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातले सर्व ११७ जण मरण पावले. भाभा ५६ वर्षांचे होते.

या अपघातामागे घातपात होता असा मजकूर दर जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्याला आजवर ठोस पुरावा मिळालेला नाही. फ्रेंच चौकशीनुसार विमानाचे एक दिशादर्शक उपकरण बंद होते. नियंत्रण कक्षाशी झालेल्या संभाषणातून वैमानिकाचा असा समज झाला की माँ ब्लाँ मागे पडला आहे, आणि त्याने उंची कमी केली.

उटीची दुर्बीण १९७०मध्ये सुरू झाली. पुढच्या वर्षांत तिने सुमारे हजार रेडिओ स्रोतांची चंद्रपिधाने टिपली. त्यांपैकी बहुतेक दूरच्या दीर्घिका आणि क्वेसार. १९७५च्या सुमारास गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी या आकडेवारीतून दाखवले की जितका स्रोत क्षीण, म्हणजे सरासरीने जितका दूर, तितका त्याचा दिसणारा आकार कसा बदलतो. तो बदल सांगत होता की विश्व पूर्वी आजच्यासारखे नव्हते. रेडिओ दीर्घिकांची संख्या आणि रूप काळाप्रमाणे बदलत गेले आहे.

हा निष्कर्ष महास्फोटाच्या बाजूचा होता. गंमत अशी की विश्व सर्व काळ सारखेच असते, या स्थिर स्थिती सिद्धांताचे जगातले एक नामवंत समर्थक, कोल्हापूरचे जयंत नारळीकर, १९७२पासून त्याच टीआयएफआरमध्ये होते. एकाच छपराखाली दोन विरुद्ध मते जपणारी संस्था ही भाभांच्या पद्धतीला मिळालेली चांगली पावती म्हणायला हवी. पुढे दोन्ही धारा पुण्यात आल्या. नारळीकरांनी आयुका उभारली आणि स्वरूप यांच्या गटाने शेजारीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र.

खोडदच्या शेतांतून काय ऐकू आले?

उटीनंतर स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदची निवड केली. इथे उभी राहिलेली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, ही ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची आहे. त्यांपैकी १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. डिशचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नाही. तारांची जाळी दोरांवर ताणून तो बनवला आहे, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही कमी. या अवजड डिश अचूक वळवणारी सर्वो यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केली. म्हणजे भाभांनी उभारलेल्या दोन संस्था द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये एकत्र आल्या. ऑक्टोबर २००१मध्ये दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली, आणि नंतर तिची क्षमता वाढवण्यात आली.

जीएमआरटी लांब लहरी ऐकते, आणि कृष्णविवरांचा इतिहास शोधायला हेच कामाचे ठरते. झोत बंद पडला की त्यातले जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात आणि आखूड रेडिओ लहरी विझतात. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मात्र कोट्यवधी वर्षे लांब लहरींत मंद कुजबुजत राहतात. चुलीतली आग विझल्यावर राखेखाली निखारा राहावा तसे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिथल्या दीर्घिकासमूहाच्या तप्त वायूत एक वक्र कडा क्ष-किरणांच्या चित्रात २०१६मध्ये दिसली होती. कृष्णविवराच्या झोताने पडलेल्या पोकळीची ती कडा असावी, अशी शंका आली, पण पोकळी एवढी अवाढव्य ठरत होती की शास्त्रज्ञांनी ती कल्पना बाजूला ठेवली. मग ऑस्ट्रेलियातल्या एका दुर्बिणीची आणि जीएमआरटीची लांब लहरींची नोंद पाहिली, तर ती पोकळी जुन्या रेडिओ निखाऱ्यांनी भरलेली निघाली. २०२०मध्ये हे जाहीर झाले. आपल्या आकाशगंगेसारख्या १५ दीर्घिका ओळीने त्या पोकळीत मावतील. त्याआधीच्या विक्रमी स्फोटापेक्षा ही ऊर्जा पाच पट होती. मोसंबीने पृथ्वीला पाडलेले खिंडार म्हणायचे ते हेच.

अशा झोतांचा परिणाम नेहमी ताऱ्यांच्या विरोधातच जातो असे नाही. मिन्कोव्स्कीची वस्तू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका छोट्या दीर्घिकेत शेजारच्या दीर्घिकेचा झोत घुसला आहे, तिथला वायू दाबला गेला आणि उलट नवे तारे बनू लागले. पण मोठा हिशेब थांबवण्याकडेच झुकतो. संगणकावर विश्वाची उत्क्रांती चालवून पाहताना कृष्णविवरांची ऊर्जा वगळली, तर प्रत्यक्षात दिसतात त्यापेक्षा फार मोठ्या आणि फार निळ्या, म्हणजे तरुण ताऱ्यांनी भरलेल्या, दीर्घिका तयार होतात. ती ऊर्जा घातली की आकडे जुळतात. कृष्णविवराचे वस्तुमान आणि दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचा वेग यांत पक्के नाते आहे, हेही २०००मध्ये दोन गटांनी दाखवले. इतकी लहान वस्तू इतक्या मोठ्या वस्तूशी जुळवून वाढते, याचा अर्थ दोघांत देवाणघेवाण आहे.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. ते सध्या शांत आहे. पण आकाशगंगेच्या वर आणि खाली सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांचे दोन गॅमा किरणांचे फुगे २०१०मध्ये सापडले, ते त्याच्या जुन्या उद्रेकाची खूण असावी असे अनेक संशोधकांना वाटते. जालना, अंबड, परतूर किंवा घनसावंगीच्या अंधाऱ्या शिवारातून उन्हाळ्याच्या पहाटे दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर धनू राशीकडे पाहिले की आपली नजर त्या केंद्राच्याच दिशेला असते. धुळीमुळे ते डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

सरीकडे परत

आता भाभांची १९३७ची कणांची सर. काही सक्रिय केंद्रकांचा झोत थेट आपल्याकडे रोखलेला असतो, त्यांना ब्लेझार म्हणतात. त्यांच्याकडून येणारा अतिशय तीव्र गॅमा किरण वातावरणात शिरला की भाभा आणि हाइटलर यांनी मांडलेल्या पायऱ्यांनीच कणांची सर बनते. ते कण हवेत प्रकाशापेक्षा वेगाने जातात, त्यामुळे सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढी निळी चमक पडते. ती टिपली की मूळ किरण कुठून आला ते सांगता येते. १९९२मध्ये मार्केरियन ४२१ या दीर्घिकेचा गॅमा प्रकाश असाच जमिनीवरून पहिल्यांदा ओळखला गेला.

अशीच २१ मीटर व्यासाची मेस ही दुर्बीण लडाखमध्ये हानले इथे, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर उभी आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये तिचे उद्घाटन झाले. ती बांधणाऱ्या संस्थांमध्ये पुढे होते भाभा अणुसंशोधन केंद्र.

मलबार हिलवरचा भाभांचा मेहरांगीर बंगला २०१४मध्ये ३७२ कोटी रुपयांना विकला गेला आणि नंतर पाडण्यात आला. खोडदला मात्र जाता येते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, जीएमआरटीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरते आणि राज्यभरातल्या शाळा-महाविद्यालयांतली मुले तिथे प्रकल्प मांडतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, आळेफाटा मार्गे नारायणगाव गाठायचे आणि तिथून खोडदचा फाटा धरायचा. आवारात गेल्यावर मोबाइल बंद ठेवा. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या लहरींच्या मानाने तुमच्या फोनचा आवाज फार मोठा असतो.